फॉरेन्सिकच्या पदवीआधी रसायनशास्त्र पक्के करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीतला फॉरेन्सिक केमिस्ट्रीवरचा लेख वाचला. सोबतचे छायाचित्र देखणे आहे: निळसर उजेड, पांढरा कोट घातलेली मुलगी, हातात परीक्षानळी आणि नळीत काहीतरी जांभळे. लेखातली माहितीही बरीचशी बरोबर आहे. पण ‘गुन्ह्यांची उकल करायची आवड असेल तर शाळा संपताच थेट फॉरेन्सिकची पदवी घ्या’ असा सल्ला शेवटच्या चौकटीत छापला आहे, तो मला पटला नाही. ज्या मुलामुलींनी ती चौकट कापून ठेवली असेल त्यांच्यासाठी हे पत्र.

मी नोकरीचा मोठा काळ एका न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात काढला, मग काही वर्षे अमली पदार्थांच्या विभागात होते. निवृत्तीनंतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घ्यायला जाते. त्यामुळे ही पदवी घेतलेली मुले परीक्षेला बसतानाही पाहिली आहेत आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात गांगरतानाही. माझे म्हणणे एवढेच, की या क्षेत्रात जायचे तर आधी रसायनशास्त्र पक्के करावे, त्यातही विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. पदवीच्या नावात ‘फॉरेन्सिक’ असले काय नि नसले काय, प्रयोगशाळेत त्याने फारसा फरक पडत नाही.

तोंडी परीक्षेत माझा एक ठरलेला प्रश्न असतो. चार दिवसांनी सापडलेल्या मृतदेहाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ६० मिलिग्रॅम इथेनॉल निघाले, तर हा माणूस मरण्यापूर्वी दारू प्यायला होता का? बहुतेक जण ताबडतोब ‘हो’ म्हणतात. जे जरा चुणचुणीत असतात ते वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा सांगू लागतात. खरे उत्तर ‘एवढ्यावरून सांगता येणार नाही’ असे आहे. ते देणारा विद्यार्थी भेटला की माझा पुढचा अर्धा तास आनंदात जातो.

मृत्यूनंतर शरीरातले जिवाणू आणि यीस्ट उरलेल्या ग्लुकोजवर ताव मारतात आणि त्यातून इथेनॉल तयार होते. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाच्या रक्तातही ते असे सापडू शकते. म्हणून आधी विचारायचे, की रक्त कुठून काढले, मांडीतल्या शिरेतून की छातीच्या पोकळीत साचलेले? देह किती उष्ण जागी होता? बाटलीत सोडियम फ्लोराइड घातले होते का? फ्लोराइड जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइम्सना) रोखून धरते, त्यामुळे बाटलीत नवे इथेनॉल बनत नाही. पण बाटलीत येण्यापूर्वी जे बनले ते काही त्याने नाहीसे होत नाही. मग डोळ्यातला काचद्रव तपासायचा. नेत्रगोल बंदिस्त असतो, जिवाणू तिथे उशिरा पोहोचतात. रक्तात इथेनॉल आहे आणि काचद्रवात मुळीच नाही, तर संशय कुजण्यावर जातो. मूत्रात एथिल ग्लुकुरोनाइड निघाले तर मात्र पारडे पुन्हा फिरते, कारण पोटात गेलेल्या दारूवर यकृताने काम केले की हे संयुग तयार होते.

हे झाले वरवरचे. खरी मेख यंत्रात आहे. हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीत रक्ताची बंद कुपी गरम करतात आणि वर जमलेली वाफ कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीत, सोडतात. प्रत्येक कुपीत एक माहितीतले रसायन मोजून घातलेले असते, त्याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. इथेनॉलचे ‘पीक’, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, त्याच्या पीकशी ताडून आकडा काढायचा. पुष्कळ प्रयोगशाळा त्यासाठी एन-प्रोपॅनॉल वापरतात. आता गंमत बघा: देह कुजताना एन-प्रोपॅनॉलसुद्धा बनते. ते आपण घातलेल्या प्रोपॅनॉलमध्ये मिसळते, इंटर्नल स्टँडर्डचे पीक फुगते आणि इथेनॉलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. यंत्र कुठेही कुरकुरत नाही, कागदावर सुबक आलेख छापून देते. म्हणून मृतदेहाच्या नमुन्यांसाठी टर्शरी-ब्युटॅनॉल घेतलेले बरे. मग प्रोपॅनॉलचे पीक वेगळे दिसते आणि कुजण्याची चुगली तेच करते.

यातले काय ‘फॉरेन्सिक’ आहे? किण्वन, बाष्पदाब, दोन पीकमधले गुणोत्तर, विकरांचा अवरोध, सगळे विज्ञानाच्या साध्या वर्गातले आहे. ज्याचा तो पाया कच्चा आहे त्याला घटनास्थळाची टेप लावायला शिकवून काय साधणार?

रसायनतज्ज्ञाचा हा संशयी स्वभाव जुनाच आहे, आणि तो न्यायालयात ठेचा खाऊनच तयार झाला. १८३३ मध्ये इंग्लंडात जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांना आर्सेनिक घातल्याचा खटला झाला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने हायड्रोजन सल्फाइड वापरून आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला होता. ज्युरींसमोर न्यायची वेळ येईपर्यंत साका बिघडला, ज्युरींना काही पटेना आणि आरोपी सुटला. मार्श चिडला आणि कामाला लागला. १८३६ मध्ये त्याने नवी पद्धत प्रसिद्ध केली: नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचे, निघणारा आर्सिन वायू तापलेल्या काचनळीतून न्यायचा, म्हणजे काचेवर आर्सेनिकचा चकचकीत काळपट थर बसतो. हा थर टिकतो आणि ज्युरींच्या हातात देता येतो. पण या पद्धतीतही खोच होती. बाजारातल्या जस्तात आणि आम्लात आर्सेनिकचा अंश असायचा. नमुना न घालता नुसते जस्त आणि आम्ल आधी चालवून पाहिले नाही, तर निर्दोष माणसाच्या पोटातही आर्सेनिक ‘सापडे’.

१८५९ मध्ये नेमके असेच काही घडले, आणि तेही अशा माणसाच्या हातून ज्याचे नाव त्या काळी विषतज्ज्ञांत पहिले घेतले जाई. डॉ. थॉमस स्मेथर्स्टच्या खटल्यात आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी एका बाटलीतल्या द्रावात आर्सेनिक असल्याचे सांगितले. आर्सेनिक शोधण्यासाठी त्यांनी वापरलेल्या राइन्श चाचणीत तांब्याची जाळी लागते. बाटलीत पोटॅशियम क्लोरेट होते, त्याने तांबे विरघळले आणि तांब्यातच असलेले आर्सेनिक बाहेर आले. टेलर यांना हे भर न्यायालयात कबूल करावे लागले. इतर पुराव्यांवर स्मेथर्स्टला दोषी धरले गेले, पण ओरड एवढी झाली की पुढे त्या शिक्षेतून त्याला माफी मिळाली.

मी विद्यार्थ्यांना ही हकीकत सांगते तेव्हा ती इतिहास म्हणून ऐकतात. ती रोजची आहे. कुठलाही नमुना चालवण्याआधी ब्लँक चालवायचा, म्हणजे नमुना सोडून बाकी सगळे तसेच करून पाहायचे. आणि जास्त तीव्रतेचा नमुना होऊन गेला की पुन्हा चालवायचा, कारण आधीच्या नमुन्याचा अंश सुईत किंवा कॉलममध्ये चिकटून राहतो. नवी मुले इथे कंटाळतात. सपाट रेषा बघण्यात त्यांना काय मिळणार? मला मात्र दिवसातली सगळ्यात समाधानाची गोष्ट ती सपाट बेसलाइनच वाटत आली.

लेखात ‘एका फॉरेन्सिक केमिस्टचा दिवस’ म्हणून जे वर्णन आहे त्यात ती घटनास्थळी जाते, पुरावा उचलते, चाचणी करते आणि संध्याकाळपर्यंत आरोपी पकडला जातो. बहुतेक प्रयोगशाळांत रसायनतज्ज्ञ घटनास्थळ पाहतसुद्धा नाही. त्याच्यासमोर येते ते पार्सल. आधी बाहेरचे सील आणि पत्रावरचा सीलचा नमुना शेजारी धरून बघायचा, अक्षरे जुळतात का, लाख कुठे उकललेली तर नाही. मग उघडायचे. जठर आणि त्यातला ऐवज एका बाटलीत, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा तुकडा दुसरीत, रक्त तिसरीत. प्रत्येक बाटलीवरचा क्रमांक, नाव, तारीख पत्राशी ताडायची. जिथे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात तिथे नुसत्या त्या द्रावणाचीही एक वेगळी बाटली आलेली असते. ती कशासाठी, हे मी हमखास विचारते. मुले म्हणतात, ‘जास्तीची असेल.’ टेलर यांची तांब्याची जाळी आठवा, उत्तर मिळेल. पत्रात चार बाटल्या लिहिल्या आहेत आणि आत तीनच निघाल्या, तर हात तिथेच थांबवायचा, नोंद करायची, छायाचित्र घ्यायचे, वरिष्ठांना सांगायचे. नंतर कितीही भारी यंत्र लावले तरी ही नोंद नसेल तर उलटतपासणीत सगळे मुसळ केरात.

आता त्या छायाचित्रातल्या जांभळ्या रंगाविषयी. मार्कीस अभिकर्मक म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. मॉर्फिन किंवा हेरॉइनवर टाकले की जांभळे होते, अॅम्फेटामिनवर केशरी-तपकिरी. दिसायला झकास. पण साध्या अॅस्पिरिनवरही ते गुलाबी, मग गडद लाल होते. कोकेनसाठी वापरतात ते कोबाल्ट थायोसायनेट निळे होते, आणि अॅलर्जीवरच्या डायफेनहायड्रामिन या औषधानेही निळेच होते. रंगाच्या चाचण्या फक्त दिशा दाखवतात. ओळख पटवायला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांवरून ओळख) किंवा इन्फ्रारेड (रेणू कोणते अवरक्त किरण शोषतो त्यावरून ओळख) हवे, आणि तेही दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या पद्धतींनी. एकट्या रंगावर कुणाला आत टाकणे हा अन्याय आहे. लेखातल्या मुलीच्या हातातली नळी ही कामाची सुरुवात आहे, शेवट नव्हे, एवढे तरी छायाचित्राखाली लिहायला हवे होते.

बरे, मास स्पेक्ट्रोमीटरही सर्वज्ञ नाही. मेथॅम्फेटामिनचा रेणू उजव्या-डाव्या हातमोज्यांसारखा दोन रूपांत असतो. एक रूप नशेचे. दुसरे अमेरिकेत चोंदलेल्या नाकासाठीच्या इनहेलरमध्ये विकले जाते, आणि पार्किन्सनच्या रुग्णांना देतात त्या सेलेजिलिनचे शरीरात विघटन होऊनही तेच बनते. नेहमीच्या कॉलमवर दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतात आणि दोघांचा वर्णपट सारखाच. ही दोन रूपे वेगळी करणारा कायरल कॉलम लावल्याशिवाय व्यसनी कोण आणि रुग्ण कोण हे यंत्र सांगू शकत नाही. त्रिमितीय रसायन ज्याने परीक्षेपुरते घोकले, त्याला हा प्रश्न सुचणारच नाही. आणि न सुचलेल्या प्रश्नाची चाचणी कोण करणार?

संख्याशास्त्राचा पेपर ‘ऑप्शनला टाकणाऱ्यां’ना एकच सांगते. रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम असेल आणि तुमचा निकाल ८२ आला, तर त्या ८२ ला अनिश्चितता किती, हे तुम्हाला पिंजऱ्यात उभे राहून सांगायचे आहे. ‘यंत्राने ८२ दाखवले’ हे उत्तर चालत नाही. तसेच ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही. तुमच्या पद्धतीला किमान किती दिसते, त्याखाली काय होते ते तुम्हाला ठाऊक नाही. हा फरक अहवालात दोन सरळ वाक्यांत लिहिता येणे ही या नोकरीतली मोठी विद्या आहे, आणि विद्यापीठात ती फार थोडे शिकवतात. वकील हुशार असतात. न्यायाधीशांनी रसायनशास्त्र सोडून वर्षे लोटलेली असतात. त्या दोघांना कळेल असे बोलायचे आणि त्या नादात तसूभरही जास्त बोलायचे नाही. मुलांनी वादविवाद स्पर्धेत भाग घ्यावा असे मी म्हणत नाही, कारण तिथे जिंकायला शिकवतात. इथे कुणाच्या बाजूने जिंकायचे नसते. तपास अधिकारी पार्सल देताना ‘मॅडम, त्याने कबुली दिली आहे, फक्त रिपोर्ट हवा’ असे सांगू लागला, तर ते कानाआड करता आले पाहिजे. खरे तर ते कानावर पडूच नये अशी व्यवस्था हवी.

प्रामाणिकपणाचा मुद्दा लेखात एका ओळीत उरकला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अमली पदार्थांच्या प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ २०१२ मध्ये पकडली गेली. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने ती उरकत असे आणि वरिष्ठांना त्याचे कौतुक होते. चाचणी न करताच नुसते बघून निकाल लिहिणे, नमुन्यात भेसळ करणे असे प्रकार उघड झाले. जी पदव्युत्तर पदवी असल्याचे ती सांगत होती तीही नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने २१ हजारांहून अधिक खटले रद्द केले. त्यात खरे गुन्हेगारही सुटले असतील आणि उगाच शिक्षा भोगलेले निर्दोषही असतील; कोण कुठला हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वेगाचे कौतुक करणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली पडलात तर हे प्रकरण लक्षात असू द्या.

मग शिकायचे काय आणि कुठे? माझे मत विचाराल तर पदवी रसायनशास्त्राची घ्यावी, सेंद्रिय, भौतिक, विश्लेषणात्मक सगळे नीट करावे, जोडीला जीवरसायन आणि थोडे औषधशास्त्र. फॉरेन्सिकचे विशेष विषय पदव्युत्तर टप्प्यावर येऊ देत. थेट फॉरेन्सिकच्या पदवीला जायचेच असेल तर अभ्यासक्रमाची पुस्तिका मागवून तास मोजावेत. गुन्हेगारी मानसशास्त्र, सायबर गुन्हे, हस्ताक्षर, बोटांचे ठसे, प्रत्येकाची चव थोडी थोडी आणि प्रयोगशाळेचे तास नावाला, असे दिसले तर दुसरीकडे बघावे. अमेरिकेत अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारा फेपॅक नावाचा आयोग आहे. तोही विज्ञानाचे मूळ विषय आणि त्यांची प्रात्यक्षिके यांवरच भर देतो. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने फॉरेन्सिक विज्ञानाची जी कडक झाडाझडती घेतली, तिच्यात चावल्याच्या खुणांपासून केसांच्या तुलनेपर्यंत अनेक शाखांचे वाभाडे निघाले. त्यातल्या त्यात बरी ठरल्या त्या विश्लेषणावर आधारलेल्या शाखा, म्हणजे ज्यांत तज्ज्ञाच्या नजरेपेक्षा मोजमापाला महत्त्व आहे त्या.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. फॉरेन्सिक प्रयोगशाळांत जागा मर्यादित असतात आणि भरती कधी निघेल याचा नेम नसतो. रसायनशास्त्राचा पदवीधर तोवर औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात, कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या किंवा पाणी-हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांच्या कामात लागू शकतो. तिथे आयएसओ १७०२५ या चाचणी-प्रयोगशाळांसाठीच्या मानकाप्रमाणे काम चालत असेल तर फारच उत्तम. कॅलिब्रेशन, नोंदी, पडताळणी यांची जी शिस्त अंगात मुरते ती मुलाखतीत लगेच दिसते. माझ्या विभागात आलेल्यांपैकी सर्वात भरवशाची मुलगी औषध कंपनीतून आली होती. गुन्ह्यांच्या मालिकांतली एकही तिने पाहिलेली नव्हती. पिपेट मात्र अशी धरायची, की बाकीचे काम थांबवून बघत राहावे.

वासाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. जठरातला ऐवज उघडल्यावर येणारा वास कपड्यांना, केसांना धरतो. सवय होते. लहान मुलाच्या नावाची बाटली आली की सवयीचा उपयोग होत नाही, त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा माणूस आपणहून काम वाटून घेतो. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी विषशास्त्राऐवजी रंग, काच, तंतू, स्फोटके किंवा आगीच्या अवशेषांतले ज्वलनशील द्रव यांकडे वळावे. तिथेही रसायनशास्त्र तेवढेच लागते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. त्या लेखाच्या आजूबाजूला फॉरेन्सिकचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांच्या जाहिराती होत्या. जाहिरातींबद्दल तक्रार नाही, वृत्तपत्र चालायला त्या लागतात. पण पुढच्या पुरवणीत या संस्थांना काही साधे प्रश्न विचारून उत्तरे छापा: तुमच्याकडे चालू स्थितीतला मास स्पेक्ट्रोमीटर आहे का, त्यावर पदवीचा विद्यार्थी स्वतः बसतो की लांबून बघतो, प्रात्यक्षिकाचे तास आठवड्याला किती, आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने स्वतः कधी प्रयोगशाळेत काम केले आहे का. जी संस्था उत्तर देणार नाही तिच्या नावापुढची जागा मोकळी ठेवा, वाचक काय ते समजतील.

आपली,
एक निवृत्त विषविश्लेषक